रिपोर्ट नॉर्मल आला, मग भीती का जात नाही?

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या काही पेशंटच्या हातात एक ठरावीक फाईल असते. जाड प्लॅस्टिकची, बटण लावायची. आत तारखेप्रमाणे लावलेले कागद. इसीजीच्या फिकट होत चाललेल्या पट्ट्या, सोनोग्राफी, टूडी इको, लिपिड प्रोफाईल, लिव्हर फंक्शन टेस्ट आणि शहरातल्या दोन-तीन मोठ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. फाईल टेबलावर ठेवून पेशंट विचारतो, "डॉक्टर, सगळे म्हणतात काही नाही. मग मला होतंय ते काय आहे?"

हा लेख या फाईलवाल्यांसाठी आहे. ज्यांचं हृदयविकाराचं किंवा लिव्हरच्या आजाराचं निदान पक्कं झालंय, त्यांचे प्रश्न वेगळे. तुमच्याकडे निदान नाही, आजार नाही, तरी छातीत काहीतरी होतं, उजव्या बरगडीखाली जड वाटतं आणि मनातली शंका जात नाही. घरचे सुरुवातीला काळजी करतात, नंतर वैतागतात. "तुमचं आपलं नेहमीचंच," असं बायको म्हणते. मुलगा म्हणतो, "बाबा, आधी ते गुगल बंद करा." कधी कधी डॉक्टरही "मनाचे खेळ आहेत" म्हणून मोकळे होतात.

मला तसं म्हणता येत नाही. त्याला एक कारण आहे.

मीही त्यातलाच

माझे वडील ५४ व्या वर्षी गेले. रात्री जेवणानंतर त्यांच्या छातीत जड वाटायला लागलं. "पित्त झालंय," म्हणाले. आईने ओवा दिला, मग सोडा दिला. दरदरून घाम फुटला तेव्हा शेजाऱ्यांनी जीप काढली, पण तालुक्याच्या गावी पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी तेव्हा बारावीत होतो.

पुढे मी डॉक्टर झालो, संसार झाला, आणि बरीच वर्षं ती रात्र मनात शांत पडून होती. मी ४८ वर्षांचा असताना एकदा डाव्या कुशीवर झोपलो होतो आणि हृदयाचा एक ठोका चुकल्यासारखं वाटलं. क्षणभर काहीच नाही, मग छातीत आतून एक जोराचा धक्का. थोड्या वेळाने पुन्हा तसंच. झोप उडाली ती उडालीच.

दुसऱ्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञ मित्राकडे गेलो. इसीजी झाला, इको झाला, स्ट्रेस टेस्ट झाली, चोवीस तास छातीला होल्टर मशीन लावून झालं. निष्कर्ष असा की दिवसभरात चारेकशे जादा ठोके आहेत, पण हृदयाची रचना आणि पंपिंग उत्तम आहे, काळजीचं कारण नाही. आपलं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा पडतं, त्यातले चारशे ठोके जरा लवकर पडले तर बिघडत नाही. ठोका लवकर पडला की त्यानंतर थोडी मोठी विश्रांती येते आणि पुढचा ठोका जास्त रक्त घेऊन जोरात पडतो. 'चुकलेला' वाटतो तो ठोका खरं तर आधीच येऊन गेलेला असतो. डाव्या कुशीवर झोपलं की हृदय छातीच्या भिंतीच्या जवळ येतं, म्हणून ते जास्त जाणवतं.

हे सगळं मी पेशंटना नेहमी सांगत आलोय. त्या रात्री मला गाढ झोप लागली. आठवडा संपायच्या आत माझी बोटं पुन्हा मनगटावर नाडी शोधत होती.

तेव्हा तुम्ही शिकलेले असून घाबरता म्हणून तुम्हाला कोणी हसत असेल, तर त्यांना सांगा की डॉक्टरही घाबरतात. माहिती असली म्हणजे भीती वाटत नाही असं नाही. ज्याला छातीत दुखण्याची वीस कारणं माहीत असतात, त्याला रात्री दोन वाजता वीसही आठवतात.

होतंय ते खरंच होतंय

सगळ्यात आधी एक गोष्ट मान्य करू या. रिपोर्ट नॉर्मल असले तरी तुम्हाला जाणवणारा त्रास खोटा नसतो.

अमेरिकेच्या यादवी युद्धात जेकब डा कोस्टा नावाचे एक डॉक्टर सैनिकांवर उपचार करत होते. अनेक तरुण सैनिक छातीत दुखणं, धडधड, धाप लागणं आणि थकवा घेऊन त्यांच्याकडे येत. तपासल्यावर हृदयाचा आजार काही सापडत नसे. डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये या त्रासावर सविस्तर लेख लिहिला. पुढे पहिल्या महायुद्धातही असेच सैनिक हजारोंनी दिसले आणि या त्रासाला 'सैनिकाचं हृदय' असं नावच पडलं. ही लढणारी धट्टीकट्टी माणसं होती, नाटकं करत नव्हती. धोक्याच्या सावटाखाली सतत राहिलेलं शरीर असं वागतं.

त्यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. मेंदूला धोका वाटला की अ‍ॅड्रिनॅलिन रक्तात सुटतं. हृदय जोरात पडतं, छातीचे स्नायू आवळले जातात, श्वास भराभर चालतो. भराभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्यामुळे बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती भरून आल्यासारखी वाटते. आता ज्याच्या मनात आधीच हृदयाची शंका आहे त्याला वाटतं, 'हे बघ, सुरू झालं!' भीती वाढते, आणखी अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, धडधड वाढते. विहिरीवरच्या रहाटासारखं हे चक्र फिरत राहतं. मन चिंती ते वैरी न चिंती असं आपल्याकडे म्हणतात, त्यात अ‍ॅड्रिनॅलिनचा हात मोठा आहे.

दुसरी गोष्ट लक्ष देण्याची. आत्ता हे वाचताना तुमच्या डाव्या पायाच्या अंगठ्याकडे लक्ष न्या. मघापर्यंत तो जाणवत नव्हता, आता जाणवतोय. छातीकडे किंवा उजव्या बरगडीखाली दिवसातून पन्नास वेळा असं लक्ष गेलं, तर एरवी लक्षात न येणारी प्रत्येक टोच, गॅसची प्रत्येक हालचाल जाणवणारच.

टेस्ट नेमकं काय सांगते?

इसीजीची नेहमीची पट्टी साधारण दहा सेकंदांची असते. एक लाख ठोक्यांपैकी दहा-बारा ठोके तिच्यात उतरतात. त्या दहा सेकंदांत हृदयाच्या विजेचा प्रवास नीट होता का, स्नायूला इजा झाल्याच्या खुणा आहेत का, हे ती सांगते. परवा धडधडलं ते का, हे ती सांगत नाही, आणि पुढच्या महिन्यात काय होईल हेही सांगत नाही. इकोमध्ये झडपा आणि पंपिंग दिसतं, पण हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधला अडथळा थेट दिसत नाही. प्रत्येक टेस्ट एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर असते. 'मला कधीच काही होणार नाही ना?' या प्रश्नाची टेस्ट अजून निघालेली नाही. फाईलवाल्यांचा खरा प्रश्न मात्र तोच असतो.

"मग सगळ्याच टेस्ट करून टाकू," असं काही जण म्हणतात. पट्ट्यावर चालायची स्ट्रेस टेस्ट घ्या. हिशोबासाठी गोल आकडे धरू. काहीही त्रास नसलेली, कमी जोखमीची १००० माणसं आहेत, त्यातल्या २० जणांच्या रक्तवाहिनीत खरोखर अडथळा आहे. समजा, ही टेस्ट १०० आजाऱ्यांपैकी ७० जणांना ओळखते आणि १०० निरोगी माणसांपैकी ८० जणांना निरोगी म्हणते. मग २० पैकी १४ जणांची टेस्ट पॉझिटिव्ह येईल. उरलेल्या ९८० निरोगी लोकांपैकी १९६ जणांचीही पॉझिटिव्ह येईल. एकूण २१० पॉझिटिव्ह, त्यातले खरे आजारी १४, म्हणजे पंधरात एक. बाकीचे चौदा जण घाबरून पुढच्या टेस्टच्या रांगेत उभे राहतील, त्यातल्या काहींची अँजिओग्राफीही होईल. तीच टेस्ट जिना चढताना छाती आवळणाऱ्या, मधुमेह असलेल्या साठीच्या माणसाची केली तर तिच्या उत्तराला कितीतरी जास्त वजन असतं. टेस्ट तीच, पण ती कोणाची आणि कशासाठी केली यावर तिचा अर्थ ठरतो. म्हणूनच डॉक्टर आधी दहा प्रश्न विचारतात, मग टेस्ट लिहितात.

लिव्हरच्या रिपोर्टमधला ठळक आकडा

लिव्हरच्या बाबतीत भीती बहुतेक वेळा रिपोर्टपासूनच सुरू होते. त्रास काहीच नसतो. ऑफिसतर्फे फुल बॉडी चेकअप होतं आणि एसजीपीटीसमोर ५८ हा आकडा ठळक अक्षरात छापून येतो.

प्रयोगशाळेतला 'नॉर्मल' आकडा कसा ठरतो ते बघा. बऱ्याच टेस्टमध्ये निरोगी लोकांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के 'नॉर्मल' धरतात. म्हणजे १०० निरोगी माणसांतली ५ त्या रेषेबाहेर असणारच. पॅकेजमध्ये अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या २० टेस्ट असतील, तर ठणठणीत माणसाचाही एखादा आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. रिपोर्टमध्ये एकही ठळक आकडा नसणं हीच खरी नवलाची गोष्ट.

माझ्याकडे येणारा एक तरुण पोलीस भरतीची तयारी करत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) पहाटे धावायचा, वजन उतरवायला उपास करायचा. डोळे थोडे पिवळसर दिसले म्हणून रक्त तपासलं तर बिलिरुबिन २.४. घरात एकच कल्लोळ झाला. आईने गावातून कावीळ उतरवायची माळ आणून गळ्यात घातली, कोणीतरी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढून दाखवलं. (हाताला आंब्याच्या सालीचा रस लावला की ते पाणी कोणाच्याही हाताने पिवळं होतं. माळही सुकत जाते तशी तिच्या गाठी सैल होऊन ती लांबते.) मुलाच्या बाकीच्या सगळ्या टेस्ट नॉर्मल होत्या आणि वाढलेलं बिलिरुबिन 'इनडायरेक्ट' प्रकारचं होतं. त्याला होता गिल्बर्ट सिंड्रोम. फ्रेंच डॉक्टर ऑगस्टीन गिल्बर्ट यांनी १९०१ मध्ये त्याचं वर्णन केलं. शंभरात साधारण पाच लोकांना तो जन्मतः असतो. बिलिरुबिनवर काम करणारं एक एन्झाइम त्यांच्यात थोडं आळशी असतं, एवढंच. उपास, जागरण, ताप, दमछाक झाली की आकडा वाढतो आणि आपोआप उतरतो. लिव्हर खराब होत नाही, औषध लागत नाही. मी त्याला वहीच्या पानावर लिहून दिलं, 'तुला गिल्बर्ट आहे. पुढे कोणी बिलिरुबिन बघून घाबरवलं तर हा कागद दाखव.' पुढे आईने पुन्हा एकदा टेस्टचा आग्रह धरला तेव्हा त्याने तो कागदच पुढे केला.

फॅटी लिव्हरचं जरा वेगळं. आपल्याकडे तीन प्रौढांमागे साधारण एकाच्या लिव्हरमध्ये जास्तीची चरबी असते. ती दुर्लक्ष करण्याची गोष्ट नाही, पण दर महिन्याला एसजीपीटी करून तिचा अंदाजही येत नाही. एसजीपीटी व्यायामाने, औषधाने, साध्या विषाणूच्या तापानेही वरखाली होतं. महत्त्वाचा प्रश्न असतो तो लिव्हरमध्ये व्रण साचून ती कडक होतेय का, हा. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांतून फिब-४ नावाचा गुणांक काढतात, गरज पडली तर फायब्रोस्कॅन करतात. कडकपणा नसेल तर उपाय आपल्या हातात असतो. ८० किलोच्या माणसाने सहा ते आठ किलो वजन हळूहळू उतरवलं, तर लिव्हरची चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात. दारू बंद, साखर आटोक्यात.

भीतीपोटी लोक याच्या बरोबर उलट करतात. वजन तसंच ठेवून 'लिव्हर साफ' करणारे काढे सुरू करतात. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी एक साधी गोष्ट उरते. तुम्ही घेता ती प्रत्येक पावडर, काढा आणि गोळी लिव्हरलाच पचवावी लागते. चांगल्या लिव्हरला भीतीपायी औषधाचं ओझं देऊ नका, आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

समाधान किती दिवस टिकतं?

गंभीर आजाराची शक्यता मुळात कमी असलेल्या लोकांच्या टेस्ट केल्या, तर त्यांची चिंता कमी होते का? या प्रश्नावरचे १४ अभ्यास एकत्र करून २०१३ मध्ये त्यांचा आढावा प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा होता की नॉर्मल टेस्टमुळे लोकांची चिंता फारशी कमी होत नाही. दवाखान्यात मी हेच रोज बघतो. 'नॉर्मल' हा शब्द चार दिवस पुरतो. पाचव्या दिवशी मन विचारतं, 'पण त्यानंतर काही झालं असेल तर?'

दुसरा एक अभ्यास २००७ मधला, न्यूझीलंडचा. छातीत दुखतं म्हणून स्ट्रेस टेस्टला पाठवलेल्या ९२ लोकांपैकी काहींना टेस्टच्या आधी माहितीपत्रक दिलं, काहींशी त्याबद्दल बोलणंही केलं. टेस्ट नॉर्मल आली तर तिचा अर्थ काय, हे आधीच समजावलं. ज्यांच्याशी आधी बोलणं झालं होतं, त्यांचं समाधान महिन्याभरानंतरही टिकलं होतं.

मला यातून एक उपयोगाची गोष्ट सापडली. टेस्टचा कागद लिहून मिळाला की उठण्याआधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारा:

१. या टेस्टमध्ये आपण नेमकं काय शोधतोय?
२. ती नॉर्मल आली तर माझा त्रास कशामुळे असू शकतो?
३. नॉर्मल आली नाही तर पुढची पायरी काय?
४. ही टेस्ट पुन्हा कधी करायची, आणि त्याआधी काय झालं तरच लवकर करायची?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर कागदावर लिहून घ्या.

भीतीला दुसरं काम द्या

माझी भीती अगदीच निराधार नाही. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर आपली जोखीम खरंच वाढते. मी त्या यादीत बसतो. पण माझ्या मित्राने मला एक प्रश्न विचारला, "तू रात्री नाडी मोजतोस त्याने तुझी जोखीम किती कमी होते?" अजिबात नाही. नाडी कितीही वेळा मोजली तरी रक्तवाहिनीतली चरबी हलत नाही. माझी जोखीम कमी होते ती रक्तदाब, एलडीएल आणि साखर आटोक्यात ठेवल्याने, तंबाखूपासून लांब राहिल्याने, रोज चालल्याने आणि लिहून दिलेली गोळी न चुकता घेतल्याने.

फाईलवाल्यांमध्ये मला नेहमी दिसतं की सगळी ताकद लक्षणांवर पहारा देण्यात खर्च होते. दर सहा महिन्यांनी इको करून घेणारे एक काका बोलता बोलता तंबाखू मळतात. त्यांना मी म्हटलं, "काका, इकोचे पैसे वाचवा आणि ही चुन्याची डबी मला द्या." ते हसले, डबी खिशात ठेवली. पुढच्या महिन्यात स्वतःहून आणून दिली. वर्षभरात दोनदा पुन्हा धरली, आता सोडून आठ महिने झालेत. त्या आठ महिन्यांत त्यांच्या हृदयाचं जे भलं झालं ते आधीच्या कुठल्याच इकोने केलं नव्हतं.

मला स्वतःला उपयोगी पडलेल्या गोष्टी अशा:

डॉक्टर एकच. माझे निर्णय तो मित्र घेतो, मी नाही. पाच डॉक्टर फिरलं की पाच मतं मिळतात आणि शंका पाचपट होते.

तारीख ठरलेली. दर वर्षी वाढदिवसाच्या महिन्यात तपासणी. एरवी मनात आलं की मी स्वतःला सांगतो, 'त्याचा महिना ठरलाय.'

नाडी मोजणं एकदम बंद जमलं नाही. आधी दिवसातून तीनदा, मग एकदा, मग रविवारी फक्त. मोजण्याची हुक्की आली की दहा मिनिटं पुढे ढकलायची. बहुतेक वेळा ती निघून जाते. स्मार्ट वॉच झोपताना दुसऱ्या खोलीत.

धडधड सुरू झाली की श्वास हळू सोडायचा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं.

आणि चालणं. रोज पाऊण तास, शेवटी टेकडीचा चढ. सुरुवातीला चढावर हृदय जोरात पडलं की भीती वाटायची. शंभर वेळा ते जोरात पडलं आणि शंभर वेळा आपोआप शांत झालं, हे शरीराला कळायला काही महिने लागले. व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि एकदा हो म्हणाले की घाबरू नका.

एवढं करूनही भीती दिवसातले कित्येक तास खात असेल, झोप, काम, जेवण बिघडवत असेल, तर तो चिंतेचा आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. समुपदेशनाने, वर्तनोपचाराने आणि गरज पडल्यास औषधाने माणसं बरी होतात. मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी दिली की पेशंटचा चेहरा पडतो, "म्हणजे मी वेडा आहे का?" अजिबात नाही. हाड दुखलं तर हाडांच्या डॉक्टरकडे जातो तसंच हे. जवळ कोणी नसेल तर 'टेलिमानस'च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर विनामूल्य, मराठीतही बोलता येतं.

पण हे दिसलं तर थांबू नका

वडिलांच्या 'पित्ता'ची आठवण असल्यामुळे हा भाग लिहिल्याशिवाय मला लेख संपवता येणार नाही. चिंता कमी करायची, पण धोक्याच्या खुणा ओळखायच्याच. मी या खुणा लिहून फ्रिजवर लावल्या आहेत. त्यामुळे घरात कोणालाच दर वेळी नव्याने विचार करावा लागत नाही.

हृदयासाठी: छातीच्या मध्यभागी दाब, आवळल्यासारखं किंवा जळजळ, दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारी. तिच्याबरोबर घाम, धाप, मळमळ, किंवा दुखणं डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाणं. श्रम केले की छाती भरणं आणि थांबलं की मोकळी होणं. चक्कर येऊन पडणं. मधुमेह असलेल्यांना, वयस्कांना आणि बायकांना छातीत फारसं दुखत नाहीही. अचानक धाप, घाम आणि कधी नव्हे एवढा थकवा एवढंच असू शकतं. सुईसारखी क्षणभराची टोच, बोटाने दाखवता येईल अशी, दाबल्यावर दुखणारी जागा, ही लक्षणं हृदयाची असण्याची शक्यता कमी असते. पण शंका असेल तर घरी बसून ठरवू नका.

लिव्हरसाठी: रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट पाण्याने फुगणं, माणूस असंबद्ध बोलणं किंवा दिवसा झोपाळलेला राहणं, काविळीबरोबर ताप किंवा सतत उलट्या.

असं काही दिसलं तर ओवा नको, सोडा नको, गुगलही नको. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या दवाखान्यात जा, आणि गाडी स्वतः चालवू नका. पहिला इसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर थांबायला सांगतील तर थांबा. हृदयविकाराच्या सुरुवातीला तो नॉर्मल असू शकतो, म्हणून काही वेळाने इसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी पुन्हा करतात. शेवटी गॅसच निघाला तर लाजायचं कारण नाही. मध्यरात्री गॅससाठी आलेला पेशंट मला कधीच फुकट आल्यासारखा वाटत नाही.

या खुणा नसतील, तपासणी झालेली असेल आणि पुढची तारीख ठरलेली असेल, तर मधले दिवस तुमचे आहेत.

"डॉक्टर, भीती पूर्ण जाईल का?" असं मला बरेच जण विचारतात. मी ५६ वर्षांचा आहे. वडील गेले ते वय ओलांडून दोन वर्षं झाली. ५४ वं वर्ष सगळं कठीण गेलं. वाढदिवसाला मुलांनी केक आणला तेव्हा मला तो गिळवत नव्हता. अजूनही एखाद्या रात्री ठोका चुकतो आणि मी जागा होतो. श्वास हळू सोडतो, कूस बदलतो, बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांत झोप लागते. पूर्वी अख्खी रात्र जायची. सकाळी गोळी घेतो आणि टेकडीवर जातो.